आजोबांचा गळा आणि गाडीचं माउंटिंग

“छकुलीला झोपवावं ते मीच! येरागबाळ्याचं काम नाही ते!”

असं आजोबा दिवसातून निदान तीनदा म्हणायचे, आणि घरात त्यावर कुणी वाद घालत नसे. कारण गोष्ट खरी होती. सात महिन्यांची छकुली पाळण्यात झोपायची नाही, खांद्यावर झोपायची नाही. पण दुपारी अंगणातल्या जुन्या डिझेल गाडीत आजी तिला मांडीवर घेऊन मागे बसली, आजोबांनी काचा खाली करून गाडी सुरू केली आणि स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून गायला सुरुवात केली, की दुसऱ्या कडव्याला पोर गाढ!

गाडी मात्र उभ्या उभ्या धडधडायची आणि थरथरायची. आरसा थरथरायचा, सीट थरथरायची, आजीचा चष्मा नाकावरून घसरायचा. फाटकाबाहेर नळाचे पाइप टाकायला रस्ता खणून ठेवला होता, त्यामुळे गाडी महिनाभर तिथेच थरथरत होती.

आजोबांना या थरथरीचा राग होता तो वेगळ्याच कारणानं.

“माझा सूर हलतो!” ते म्हणाले. “इतका स्वच्छ लावतो मी, आणि ही बया त्याचा पार चिवडा करते. इंजिन ज्यावर बसतं ना, ते रबरी माउंटिंग फाटलंय. बदलून टाकतो.”

“सोमवारी तीनला लेकीची मुलाखत आहे,” आजी म्हणाली. “संगणकावरच आहे, घरातूनच. पोरगी तासभर झोपायला हवी. तेवढी होऊ दे, मग काय उचकायचं ते उचका.”

“म्हणूनच तर आज करतो! इंजिन शांत झालं की माझं गाणं थेट तिच्या कानात. तास काय, दोन तास झोपेल!”

लेक बिचारी काळजीत होती. बाळ झाल्यापासून हाती काम नव्हतं आणि ही नोकरी तिला मनापासून हवी होती. “बाबा, नक्की जमेल ना?” एवढंच ती म्हणाली.

“अगं, चाळीस वर्षं छापखान्यात यंत्रं सांभाळलीत! यंत्रं धडधडायची आणि मी गायचो. एकानं कधी नावं ठेवली नाहीत, ना यंत्राला ना गाण्याला!”

शेजारच्या मिस्त्रीनं नवं माउंटिंग आणून दिलं, जॅकही दिला. “काका, जॅक थेट इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरला लावू नका, पत्रा चेपेल. मधे जाड फळी घाला.”

आता जाड फळी कुठून आणायची? आजोबा घरभर फिरले आणि कपाटातली एक फळी त्यांना पसंत पडली. फळीवरचे कपडे त्यांनी व्यवस्थित उचलून खालच्या कप्प्यात कोंबले. त्यातच लेकीनं मुलाखतीसाठी इस्त्री करून ठेवलेला कुडता होता, हे त्यांना कसं कळणार?

फळी लागली, जॅक चढला, इंजिन तोललं गेलं. जुने बोल्ट निघेनात, तेव्हा आजोबांनी त्यांना तेल पाजलं, गोंजारलं, शेवटी शिव्या घातल्या. त्यावर निघाले. जुनं रबर पार फाटून लोंबत होतं. नवं बसवायला घेतलं तर दोन भोकं जुळली आणि तिसरं बोटभर बाजूला!

“अगं, इकडे ये! जॅक जरा वर घे!”

आजीनं वर घेतला.

“खूप झालं! खाली!”

आजीनं खाली घेतला.

“इतका नाही गं! चिमूटभर!”

“हे काय मीठ आहे का चिमूटभर घालायला?” आजी कडाडली. अर्ध्या तासात इंजिन इतक्या वेळा वरखाली झालं, की चढउतार करून त्यालाच धाप लागली असती. शेवटी आजीनंच बॉनेटमधे वाकून इंजिनाला दोन्ही हातांनी एक धक्का दिला आणि बोल्ट सुळकन आत गेला. आजोबांनी पान्यानं आवळत आवळत सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं.

जुनं माउंटिंग मिस्त्री नमुना म्हणून घेऊन गेला. फळी कपाटात परत गेली, काळ्या तेलाच्या डागासकट. त्यावरून लेक जे बोलली ते इथे लिहीत नाही. कुडत्याला पुन्हा इस्त्री झाली.

पण गाडी! काय गाडी झाली होती! नुसती गुरगुरत होती, आरसा जागचा हलत नव्हता. आजोबांची छाती दोन इंच फुगली.

सोमवारी पावणेतीनला लेक दार लावून संगणकासमोर बसली. छकुली गाडीत, आजी मागे, आजोबा पुढे. त्यांनी घसा साफ केला आणि आपलं ठेवणीतलं गाणं काढलं.

छकुलीनं डोळे मोठ्ठे केले. आजोबांकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदाच तिला ते गाणं नीट ऐकू येत होतं. तिचा खालचा ओठ बाहेर आला आणि तिनं असा टाहो फोडला, की कुंपणापलीकडून मिस्त्री धावत आला.

“काका, काय झालं? दोघांपैकी रडतंय कोण?”

आजोबांनी सूर खाली घेतला. पोर आणखी रडली. वर घेतला. ती लालबुंद झाली.

“अहो, आधी तोंड बंद करा!” आजी म्हणाली. “तीनला पाच कमी आहेत! लेकीची नोकरी घालवाल! उतरा आणि मागून गाडी गदागदा हलवा!”

आजोबा मुकाट्यानं उतरले. डिकीवर दोन्ही हात टेकून गाडी जागच्या जागी वरखाली हलवू लागले. हळूहळू रडणं थांबलं, डोळे मिटले. पण हात थांबले की डोळा उघडायचा! पूर्ण पाऊण तास आजोबा गाडी हलवत राहिले. मधे सवयीनं गुणगुणायला तोंड उघडलं, तर मागच्या काचेतून आजीनं ओठांवर बोट ठेवलं. मनाला फार लागलं हो त्यांच्या.

पावणेचारला लेक नाचत बाहेर आली. “मिळाली! बाबा, नोकरी मिळाली! घरूनच काम, फक्त रोज तीन ते चार सगळ्यांशी बोलायचं असतं. छकुली तुमच्या गाण्यानंच झोपली ना?”

आजोबांनी आजीकडे पाहिलं.

“मग काय तर,” आजी म्हणाली. “त्यांच्याशिवाय कुणाला जमतंय?”

लेक आत गेली. आजोबांनी “रोज” हा शब्द मनात दोनदा घोळवला, कमरेवर हात ठेवला आणि कुंपणापाशी जाऊन मिस्त्रीला हळूच हाक मारली.

“ते जुनं माउंटिंग टाकलं तर नाहीस ना? परत दे बाबा. आजच बसवतो.”

“काका, ते फाटलंय!”

“फाटलेलंच हवंय.”

“आणि गाणं?”

“गाणं म्हणणारच की!” आजोबा म्हणाले. “त्या धडधडीत तिला कुठे ऐकू जातंय?”