अडीच फुटांचं दार

सुभेदार तात्या कुठल्याही दारातून सरळ जात नाहीत. आधी खिशातला टेप काढून दार मोजतात, मग तिरके होतात, डावा खांदा पुढे घालतात आणि उजवा हात मागे लांबवून खेकड्यासारखे आत शिरतात. अंगाने म्हणाल तर उसाचं कांडं. आमच्या सभागृहाच्या दारातून नगराध्यक्षांची खुर्ची आणि ती उचलणारे दोन शिपाई एकदम जातात. तात्या तिथूनही तिरकेच. मागे राहिलेल्या हाताचं मला वाटायचं, खांदा आखडला असेल.

साताऱ्याहून सांगलीकडे जाताना मध्ये लागणाऱ्या एका गावाच्या नगरपालिकेत मी सभा लिपिक आहे. विषयपत्रिका काढणे, हजेरी घेणे, ठराव लिहिणे आणि सदस्य जागे आहेत ना ते बघणे, ही माझी कामं. मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, औषधांची, नवऱ्याने विसरलेल्या गोष्टींची. तात्या मला यादीबाई म्हणतात. माझ्या वहीत त्यांच्या हरकतींचंही एक पान आहे. पाण्याच्या टाकीच्या शिडीला शेवटची पायरी नाही. स्मशानातल्या बाकावर बसलं की धूर थेट तोंडावर येतो. सभागृहातल्या पंख्याचा वारा फक्त नगराध्यक्षांना लागतो. तिन्ही हरकती बरोबर निघाल्या, आणि म्हणूनच त्यांचा सगळ्यांना राग येतो.

तात्यांची नोकरी सैन्यात पूल बांधण्यात गेली. “कागदावर पूल पडत न्हाई, यादीबाई. वरनं रणगाडा गेला की पडतो,” हे त्यांचं तत्त्वज्ञान. कुठलाही नकाशा दाखवा, ते एकच म्हणणार, “ह्यात माणूस घालून बघा.”

त्या गुरुवारच्या सभेत दोन मोठे विषय होते. घरकुलांसाठी पालिकेचा हिस्सा कर्ज काढून उभा करणे, आणि बागेची सुधारणा. बागेत चालायचा रस्ता, स्वच्छतागृह आणि गाण्यावर नाचणारं कारंजं होणार होतं. कारंज्यावर पाऊण तास चर्चा झाली, कारण त्याने कुठल्या गाण्यांवर नाचावं यावर एकमत होईना. घरकुलांचा विषय चार मिनिटांत संपत आला होता.

तेवढ्यात प्रेक्षकांच्या बाकावरून तात्या उठले. प्रेक्षकांनी बोलू नये अशी पाटी भिंतीवर आहे. तात्या तिलाच टेकून उभे राहिले.

“बागंतल्या संडासाला तीन फुटी दार, आन् घराला अडीच? म्हंजे माणसानं आजारी बागंतच पडायचं का?”

“तात्या, बागेला दिव्यांगांचा नियम लागतो,” आमचे इंजिनिअर साहेब म्हणाले.

“आन् दिव्यांग घरी ऱ्हात न्हाईत व्हय?”

“आता नकाशा बदलला तर खर्च वाढेल. शिवाय सोमवारी प्रस्ताव कर्जासाठी गेला की एक रेघसुद्धा हलणार नाही.”

“म्हंजे सोमवारपातूर हलती की!”

नगराध्यक्षा मॅडमनी घरकुलांचा विषय उद्या बागेची पाहणी झाल्यावर घेऊ म्हणून सोडवणूक करून घेतली. सगळे चहाकडे वळले.

शुक्रवारी सकाळी सगळे सदस्य बागेत पोचले, तर कारंज्याच्या जागी घर. तात्यांनी पहाटेच चुन्याच्या फक्कीने अख्खं घरकुल खऱ्या मापात आखलं होतं. ओटा होता, मोरी होती, खाटेची जागा होती. दाराच्या जागी दोन बांबू, बरोबर अडीच फुटांवर ठोकलेले.

“साहेब, तुमी आजारी पडा,” तात्यांनी इंजिनिअर साहेबांना सांगितलं.

“मी कशाला?”

“नकाशा तुमचा हाय. अण्णा, तुमी ह्यांची बायकू. ह्यांना धरून मोरीवर न्या.”

अण्णा म्हणजे आमचे उपनगराध्यक्ष, एके काळचे पैलवान. त्यांनी साहेबांच्या कमरेला असा विळखा घातला, की साहेब खरंच आजारी दिसायला लागले. दोघं बांबूंपर्यंत गेले आणि अडकले.

“आवं, घ्या की आत. पेशंटला घाईची लागलीया!”

“तात्या, मावतच नाही!”

“मग तितंच करू द्या काय?”

अण्णांनी जोर लावला. एक बांबू उपटून आला आणि साहेब झेंडूच्या वाफ्यात बसले. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना रुमाल काढावा लागला. रुमाल आत ठेवेपर्यंत त्या गंभीर झाल्या होत्या. “साहेब, प्रत्येक घराला तीन फुटी दार करा,” त्या म्हणाल्या. “पैसे कमी पडले, तर कारंजं नुसतं उडू दे. नाचलं नाही तरी चालेल.” मी झेंडूशेजारी उभी राहूनच ठराव लिहून घेतला. दुपारच्या सभेत तो एकमताने मंजूर झाला.

सोमवारी प्रस्ताव रवाना झाला, तेव्हा तात्या ठरावाची नक्कल न्यायला माझ्या खोलीत आले. नक्कल देताना मी विचारलं, “तात्या, घरकुलाच्या यादीत तुमचं नाव कसं नाही? तुम्ही तर भाड्याने राहता.”

“माझी खोली बरी हाय.”

“तिचं दार किती फुटी?”

“अडीच.”

मग टेपशी चाळा करत म्हणाले, “आमच्या हिच्या अंगावरनं वारं गेलं हुतं. दोन वर्सं मिरजंच्या दवाखान्याच्या फेऱ्या. धरून चालवायचो तिला. दोगं सरळ मावत न्हवतो. मग मी तिरका व्हायचो आन् हात धरून तिला मागनं घ्यायचो. रोज म्हणायची, ‘आवं, मुलखाचं पूल बांधलंसा, एक दार बांधा की.’”

“मग?”

“भिंत घरमालकाची हुती. तो व्हय म्हणंपातूर…” त्यांनी नक्कल नीट चौकोनी घडी करून वरच्या खिशात ठेवली. “आता एकट्याला अडीच लय झालं, यादीबाई.”

ते उठले. माझ्या खोलीचं दार दोन फळ्यांचं आहे. मी पुढे होऊन दुसरी फळीही उघडली.

“साडेचार फूट आहे,” मी म्हणाले. “मोजलंय मी.”

तात्या हसले. टेप त्यांनी काढला नाही. पण तिरके झाले, डावा खांदा पुढे घातला, उजवा हात मागे ठेवला आणि सावकाश बाहेर पडले. उंबऱ्यापलीकडे गेल्यावर थोडे थांबले. मागून येणाऱ्या माणसाला पाय उचलायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच.