एका बासरीची कसून चौकशी

भोर तालुक्यात गुन्हे कमी होतात, याचं एकमेव कारण गुन्हेगारांना आनंदराव ठाऊक आहेत, असं आनंदरावांचं मत होतं. उभी हयात त्यांनी एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत बसून काढली होती. "एवढी चौकशी राज्यातल्या कुठल्या फौजदारानं केली असंल तर दाखवा," असं ते म्हणत. वास्तविक चौकशी प्रवासी करत आणि आनंदराव वैतागत. पण निवृत्तीनंतर त्यांनी दारावर 'खाजगी चौकशी' अशी पाटी लावली आणि मेहुण्याला, म्हणजे टेम्पोवाल्या गोरखला, सहायक नेमलं. गोरखला हे पाटी रंगवून झाल्यावर कळलं.

खंडेनवमीच्या सकाळी गोरख टेम्पो धूत होता. पूजा झाली की टेम्पो दसऱ्यापर्यंत हलणार नाही, असं बायकोनं, अश्विनीनं, बजावलं होतं. ती हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर येणार, एवढ्यात एक मुलगी धापा टाकत आली. आंबवड्याच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातली, बिरूची प्रगती.

"काका, माझी बासरी गेली!"

आनंदराव ओट्यावर उभे राहिले. "कुठल्या गाडीनं?"

सवय जाता जात नाही, हे गोरखला माहीत होतं.

प्रगती पुण्यातल्या एका विद्यापीठात बासरी शिकत होती. आज चार वाजता गुरुजींपुढं वाजवायचं होतं, आणि रात्री घरात ठेवलेली बासरी सकाळी जागेवर नव्हती. ते ऐकून गुरुजी ठरवणार, वार्षिक परीक्षेला कुणाला बसवायचं. नाही बसवलं तर वर्ष बुडालं. आणि वर्ष बुडालं तर दिवाळीनंतर मेंढरं खाली कोकणात निघतील तेव्हा त्यांच्यामागं चालायचं, असं बिरूनं आधीच सांगून ठेवलं होतं. घरात दुसरी बासरी होती ती जत्रेतली. तिच्यातून सुरापेक्षा थुंकी जास्त निघायची.

"गोरख, टेम्पो काढ."

"दाजी, पूजा..."

"न्याय थांबत नाही!"

अश्विनी ताट घेऊन दारात उभीच राहिली. तिची नजर गोरखनं आरशात पाहिली आणि आरसा फिरवला.

वाटेत आनंदरावांनी तपास सुरू केला. "वर्गात पोरं किती?"

"मी एकटीच. एका वेळी एक विद्यार्थी, एक गुरुजी. दार लावून तासभर."

गोरखचा ब्रेकवर पाय पडला. त्याच्या शाळेत एका मास्तराकडं चार वर्ग होते, आणि मास्तराचं लक्ष पाचवीकडंच, म्हणजे स्वतःच्या म्हशीकडं असायचं.

आनंदरावांनी मात्र डोळे मिटले. "खोलीत माणसं दोन. पैकी एक तू. तू चोर नाहीस. म्हणजे उरलं कोण?"

"गुरुजी? त्यांच्याकडं चाळीस बासऱ्या हायत्या!"

"बघ! चाळीस एका माणसाला लागतात कशाला?"

धनगरवाड्यात पोचून प्रगतीच्या घरात शिरताच आनंदरावांनी चपला काढल्या, कोपऱ्यातल्या देवापुढं डोकं टेकलं, तिथल्या ढिगातलं एक झेंडूचं फूल कानावर खोचलं आणि घर ताब्यात घेतलं. प्रगतीची आजी धोंडाबाई चुलीपुढं पुरण वाटत होती. पाहुणे दिसताच ती हातवारे करू लागली.

"आजीचं मौन हाय," प्रगती म्हणाली. "देवाला निवद दाखवंस्तवर बोलायची न्हाई."

धोंडाबाईनं प्रगतीकडं बोट केलं, मग देवाकडं, मग पुन्हा प्रगतीकडं.

"सकाळधरनं हेच चाललंय," प्रगती रडवेली झाली. "देवावर भार टाक म्हनती."

"साक्षीदार श्रद्धाळू आहे," आनंदराव म्हणाले. "उपयोगाचा नाही."

म्हातारीनं कपाळावर हात मारला. पुरणाचा ठसा उमटला.

मग संशयाची सुई दारातल्या शेळीकडं वळली. बासरी बांबूची, शेळी पाल्याची शौकीन. आनंदरावांनी तिचा जबडा उघडून आत टॉर्च मारला. शेळीनं त्यांच्या कानावरचं फूल खाल्लं.

"कबुली दिली!" आनंदराव ओरडले.

"तिनं फूल खाल्लं, दाजी."

"आज फूल खाल्लं. काल काय खाल्लं असेल, विचार कर."

तेवढ्यात बिरू मेंढरांच्या वाड्यावरून आला. त्याच्या खांद्यावर नेहमीची काठी नव्हती. आनंदरावांनी ते हेरलं. पुरावा लपवला! पोरीनं मेंढरांमागं यावं अशी बापाचीच इच्छा, म्हणजे हेतूही सापडला.

"बासरी कुठं दडवली?"

बिरू शांतपणे म्हणाला, "पावनं, मला दडवायची असती तर तिला पुन्याला धाडलीच नसती. आन् काठी आज पुजंला हाय. तुमी आत्ताच तिच्या पाया पडला."

गोरखच्या डोक्यात काहीतरी हललं, पण धोंडाबाई त्याच्या आधी उठली. तिनं नैवेद्याचं ताट देवापुढं ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले आणि मग सकाळपासूनचं सगळं एका दमात बाहेर आलं.

"आंधळ्यांनो! फुलं बाजूला सारा की!"

प्रगतीनं झेंडू बाजूला केले. पाटावर लोकर कातरायची कातर होती, कोयता होता, कुऱ्हाड होती, बिरूची काठी होती. आणि कातरीशेजारी हळदकुंकू ल्यालेली बासरी.

"आजे, ही इथं कशाला ठेवलीस?"

"कशाला म्हंजी? कातर बापाची, कोयता माजा, ती तुजी. ज्याच्या त्याच्या पोटाचं हत्यार."

प्रगती बघतच राहिली. "तू तर म्हनायचीस, रिकामटेकडी पिपानी."

"म्हनत व्हती. आता पुन्याचा मास्तर एका पोरीसाठी दार लावून बसतुया, म्हंजी काम आसंलच." प्रगतीचा हात पुढं जाताच म्हातारीनं तो अडवला. "अं हं! पुजल्यालं हत्यार उद्यापत्तूर उचलायचं न्हाई."

"आजे, माझं वरीस जाईल!"

"आन् उचलली तर इद्या जाईल."

आजीपुढं दाद लागत नव्हती. प्रगतीनं गुरुजींना फोन लावला, आवाज मोठा ठेवला आणि सगळं खरं सांगून टाकलं.

पलीकडून गुरुजी म्हणाले, "माझ्याही सगळ्या आज पाटावर आहेत. चारला काय करायचं, याच काळजीत बसलो होतो. तारीख कार्यालयानं काढली, आणि कार्यालयात कुणी बासरी वाजवत नाही. उद्या सकाळी माझ्या घरी ये. तिथंच ऐकतो."

प्रगतीनं आजीला मिठीच मारली. आनंदराव गोरखच्या कानाशी लागले, "गुरुजींवर पहिलं बोट कुणी ठेवलं होतं?"

बिरू मात्र फोनजवळ सरकला. मेंढरांना हाक मारणारा त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"मास्तर, म्या प्रगतीचा बा. एक पोर, एक मास्तर आसतंय म्हनं तुमच्यात. म्या आलो तर चालंल का? कोपऱ्यात बसंन. खोकनार बी न्हाई."

"नियमात तिसरा माणूस बसत नाही," गुरुजी म्हणाले. "पण नियम असतात कार्यालयात, आणि उद्या कार्यालय बंद आहे. या."