आमच्या ओट्याचा ठराव

ग्रामपंचायतीचा नवा कायदा आमच्या गावात कोणाला कळला असेल तर तो मला! सरपंचाला काढता येतं का, कोंडवाड्याचा दंड कोण ठरवतो, घरपट्टीविरुद्ध दाद कुठे मागायची, विचारा! पार बाभुळगावापासून माणसं येतात आणि मी घरापुढच्या ओट्यावर बसून त्यांना फुकट सल्ला देतो.

आणि गावाचा डोळा नेमका याच ओट्यावर! का, तर तो म्हणे दोन हात रस्त्यात आला आहे, कापसाच्या बंड्या वळणावर अडतात. बंडीवाल्याला बैल वळवता येत नाहीत, यात माझ्या ओट्याचा काय दोष? पण सरपंच खेमसिंग हट्टालाच पेटला. "अतिक्रमण हाय, पाडाच लागते!"

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही! पंचायतीत बायकांच्या राखीव जागेवर मी आमच्या सत्यभामेला आधीच बसवलं होतं. सात सभासदांत सरपंचासकट तिघं ओटा पाडा म्हणणारे, तिघं राहू द्या म्हणणारे. सातवं मत घरचं! तिला कायदा कळावा म्हणून रोज संध्याकाळी मी कलमं वाचून दाखवली. ती भाकरी थापता थापता ऐकायची.

"मी खिडकीपाशी उभा राह्यतो," मी बजावलं. "खोकललो का ठरावाच्या इरुद्ध हात वर कर. समजलं?"

"समजलं," ती म्हणाली.

सभा भरली. ठरावाच्या बाजूनं तीन हात वर झाले. "इरुद्ध कोन?" खेमसिंगनं विचारताच मी खोकलो. तीन हात वर. सत्यभामेचा हात मांडीवरच! मी पुन्हा खोकलो. मग डांग्या खोकला झाल्यासारखा खोकलो. दुसऱ्या बाई सभासद इंदूबाई हळहळल्या, "अवो, त्या मानसाले पाणी तं द्या कोनी!" शिपायानं खिडकीतून तांब्या दिला. दोन घोट पिऊन मी असा खोकलो की बाहेर बांधलेला बैल दावं तोडून पळाला!

तेव्हा कुठे ती उठली. पदर सावरून म्हणाली, "ज्या ठरावात सभासदाचा हितसंबंध हाय, त्यावर त्यानं मत द्याचं नसते. ओटा माह्या घराचा हाय. मी मत देत नाही."

मी खिडकीतून अर्धा आत शिरलो. "अवं, तुहा कायचा हितसंबंध? ओटा माहा हाय!"

"सभासद नसन त्यानं सभेत बोलू नये," ती म्हणाली. हेही मीच शिकवलेलं!

"बोलू द्या, बाई," खेमसिंग गोड आवाजात म्हणाला. "पुंडलिकभाऊ, ओटा तुमचा. मंग घर कोनाचं?"

सगळी सभा माझ्याकडे बघू लागली. आता तुम्हालाही सांगणं भाग आहे. घर माझ्या सासऱ्याचं. एकुलत्या एका लेकीच्या नावावर करून ते वारले. मी त्या घरात जावई म्हणून राहायला आलो. गावाला हे ठाऊक होतंच, पण म्हणून भरसभेत विचारायचं? काही रीतभात?

"घर... तिचं हाय," मी म्हणालो.

"मंग बाईचं बरोबर हाय!" मतं सारखी पडली की सरपंचाला एक जास्तीचं मत असतं. ते खेमसिंगनं आनंदानं वापरलं. ठराव मंजूर! ओटा पाडायचा!

घरी येताच मी कडाडलो, "घरचंच मानूस उलटलं! काहून केलं असं?"

"तुमीच तं शिकवलं."

"कायदा शिकवला होता, ओटा पाडाले नाही!"

"अन् त्या ओट्यावर दिवसभर जे लोक बसून राह्यते, त्यायचा चहा कोन करते? तुमचा सल्ला फुकट, माहा चहाबी फुकट! सकाळपासून चहाचा गंज चुलीवरून उतरत नाही."

बायकोशी कोण वाद घालणार? मी थेट अपील लिहायला बसलो. असला अन्याय वरच्या साहेबापुढे क्षणभर टिकायचा नाही! तीन पानं सणसणीत लिहिली. खाली सही मात्र घरमालकाची लागते. हे कलमही मला पाठ आहे, दुर्दैवानं.

अर्ज तिला वाचून दाखवला आणि टाक पुढे केला.

"सही करतो न," ती म्हणाली. "पन ओटा राह्यला तं चहा तुमी कराचा. आधी करून दाखवा."

अपिलाची मुदत अजून संपलेली नाही. काल मी केलेल्या चहाचा एक घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला.

"साखर कमी हाय," ती म्हणाली. "सहीचं उद्या पाहू."