हाक आप्पांची, ओ सगळ्यांची

आमच्या शेजारचे आप्पा रोज तिन्हीसांजेला घरासमोरच्या खडकावर उभे राहून अख्ख्या वाडीला हाक मारतात आणि अख्ख्या वाडीच्या वतीनं स्वतःच ओ देतात. नवख्या माणसाला वाटावं, वर भांडण लागलंय.

वाडी बेळगुंदीच्या वरच्या डोंगरात. नाव नुसतंच वाडी. दोन पंचायतींच्या मधे पडलेली. दोघीही ती दुसरीची म्हणतात. आप्पांना त्याचं दुःख नाही. ‘‘कुनाची न्हाय, म्हंजे आपलीच की,’’ हे त्यांचं पालुपद. रानातला फणस, वाट चुकून आलेलं कुत्रं, कुणीतरी विसरून गेलेली छत्री, सगळ्यांना हाच कायदा लागू. छत्री माझी होती.

हाकेची रीत मात्र जुनी. घरं विखुरलेली, रानात गवे. म्हणून दिवेलागणीला आप्पांनी हाक द्यायची आणि घराघरातून ओ यायची. ज्याची ओ आली नाही, त्याला शोधायला लोक कंदील घेऊन निघत. पुढं पोरं शिकली, बेळगावात कामाला लागली, घरांना कुलपं लागली. मीही त्यातलाच, बेळगावच्या कॅम्प भागात राहतो, शाळेत शिकवतो. आता वर आप्पा एकटेच. मुलगा न्यायला आला की म्हणतात, ‘‘मी खाली आलो तर हाक कोन देनार रं?’’ मुलगा कपाळावर हात मारतो आणि मोटरसायकल वळवतो.

दिवाळीआधी मी घर झाडायला वर गेलो होतो. संध्याकाळी आप्पा कंदील घेऊन खडकावर चढले.

‘‘तुका, आलास का घरला?’’

लगेच नाकातून उत्तर, ‘‘आलो, आलो. बोंबलू नगंस.’’

‘‘गंगाक्का, आलीस का घरला?’’

आवाज चिरका झाला. ‘‘येऊन चूल पेटीवली की. तुझ्यागत रिकामी हाय व्हय मी?’’

हसून हसून माझी मुरकुंडी वळली. गंगाक्का निपाणीला लेकीकडे असते. तिला हे कळलं, तर हातात फुंकणी घेऊन डोंगर चढेल.

मग आमचं घर आलं.

‘‘दत्तू, आलास का घरला?’’

आधी खोकल्याची उबळ, मग संथ आवाज, ‘‘आलो रं बाबा.’’

माझे वडील जाऊन दोन वर्षं झाली. खोकला हुबेहूब त्यांचा होता. मला रडू आलं. आप्पांनी ते पाहिलं. कंदील खडकावरच ठेवून ते खाली उतरले आणि आपल्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

‘‘आप्पा, तुमचं घर राहिलं की.’’

‘‘हाक देनाऱ्याला कोन हाक देतंय? आमची म्हातारी द्यायची, समद्यांच्या शेवटी. ती गेली.’’ मग जरा चिडून म्हणाले, ‘‘आपुनच आपल्याला हाक मारायला मी काय येडा हाय?’’

मी खडकावर चढलो. वर्गात ओरडून कमावलेला आवाज होताच.

‘‘आप्पा, आलासा का घरला?’’

सगळ्या वाडीचे आवाज काढणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज सापडेना. पटक्याचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं. मी पुन्हा हाक दिली. ओ आली नाही.

मग वाडीच्या रीतीप्रमाणे मी कंदील उचलला आणि समोरच्याच उंबऱ्याकडे त्यांना शोधायला निघालो.