स्वस्तातला साचा आणि वाटीतली कळी

उभा जन्म नळकामात घालवलेल्या माणसाला एक साधा साचा करता येणार नाही, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या तोंडावर हसेन. हसलोही! तोंड सूनबाईचं होतं.

झालं असं की सूनबाईला रेझिनचा नाद लागला. रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतली दोन पातळ औषधं. एकत्र ढवळून साच्यात ओतायची, दुसऱ्या दिवशी काचेसारखा गोळा हातात! आत फूल टाका, पान टाका, जे टाकाल ते कायमचं बंद. गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पहिली ऑर्डर दिली होती. टेबलावर कागद दाबायला एक गोळा. आवडला तर दवाखान्यासाठी आणखी बरेच! सूनबाई हवेत होती. बाजारात साच्याचा भाव ऐकला आणि जमिनीवर आली.

"बाबा, सिलिकॉनचा साचा फार महाग आहे हो."

"साचा विकत?" मी म्हणालो. "अगं, घर भरलंय साच्यांनी! तू नुसतं ओत!"

पहिला मान स्टीलच्या वाटीला दिला. गोळा झकास झाला, पण वाटी सोडायला तयार नाही! उलटी केली, आपटली, गरम पाण्यात बुडवली. फुकटच्या पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला. आमची ही म्हणाली, "गेली माझी वाटी! आता त्यात काय वाढू, हवा?"

मग प्लास्टरचा साचा केला. प्लास्टरनं रेझिन असं पिऊन टाकलं की दोघांचा संसार एकच झाला. छिन्नी लावली तर दोघंही एकदम फुटले.

तिसऱ्या खेपेला थर्माकोलचा पेला घेतला. रेझिन घट्ट होताना तापतं, ही गोष्ट मला त्या पेल्यानं शिकवली. बूड विरघळलं, सगळा ऐवज टेबलावर पसरला, आणि टेबलावर होता माझा चष्मा! तो अजून तिथंच आहे. कुणाला टेबल नीट बघायचं असेल तर बसून बघता येतं.

"बाबा, राहू द्या," सूनबाई रडकुंडीला आली. "रेझिन आता एकाच गोळ्यापुरतं उरलंय. हा बिघडला तर ऑर्डर गेली."

तेव्हा मला आठवली मोरीच्या फटी बुजवायची नळी! तीही सिलिकॉनचीच की! साबणाच्या पाण्यात तो लगदा पिळून काढला, पिठासारखा मळला, तेल चोपडलेल्या गोल भांड्याभोवती थापला आणि वाळू दिला. वास असा की शेजारणीनं खिडकी लावून घेतली. पण काय साचा उतरला! मऊ, गुळगुळीत, बोटानं वाकणारा. आणि खर्च? नळी घरचीच! सूनबाईनं माझ्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं.

दुपारी तिनं तोंडाला मास्क लावून रेझिन ढवळलं, निम्मं साच्यात ओतलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. खोलीबाहेर जाता जाता मास्कमधूनच ओरडली, "बाबा, खिडकीतल्या वाटीतली ..ळी मधोमध ठेवा, आणि उरलेलं वरून ओता!"

काय ठेवा? मी खिडकीत गेलो. चष्मा तर टेबलात. वाटीत पाणी होतं आणि पाण्यात दातांची अख्खी कवळी!

आधी मी चपापलो. मग माझं डोकं चाललं. गिऱ्हाईक कोण? दातांची डॉक्टर! तिच्या टेबलावर कवळी नाही शोभणार तर काय नांगर शोभेल? नमुन्याला तिनंच पाठवली असणार. वा सूनबाई, काय डोकं आहे! आमच्या हिची असेल ही शंकाही मनात आली नाही. कारण कवळीशिवाय ती मला तोंडच दाखवत नाही. कवळी छान पुसली, हसरी बाजू वर करून ठेवली, उरलेलं रेझिन ओतलं, धूळ बसू नये म्हणून वर पातेलं पालथं घातलं.

तासाभरानं आमची ही झोपून उठली. पदर तोंडाला, आणि घरभर शोधाशोध.

"माफी!" ती म्हणाली. "अफो, माफी!"

मी गहिवरलो. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा!

"अगं, केव्हाच केली माफ!" मी मोठ्या मनानं म्हणालो.

"माफी कवफी कुठाय?"

"कोण कवफी?"

तिनं पदर काढला. मी तिच्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे बघितलं, आणि पातेल्यापुढे आडवा उभा राहिलो. सूनबाई धावत आली. मागच्या दुसऱ्या वाटीत तिची वाळवलेली गुलाबाची कळी तशीच पडली होती.

"बाबा! कळी म्हणाले होते मी! कळी!"

पातेलं उचललं. आत रेझिन दगड व्हायला लागलं होतं, आणि त्यातून आमची ही माझ्याकडे बघून खदाखदा हसत होती. खरी ही मात्र हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. सूनबाई ऑर्डर परत करायला, ही गोळा फोडून घ्यायला, आणि मी... मला ओढूनच न्यावं लागलं. साच्यानं मात्र गोळा असा अलगद सोडला होता की एक ओरखडा नाही! पण त्याचं कौतुक करायला कुणी मोकळं नव्हतं.

सूनबाईनं मान खाली घालून गोळा टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी बघितला आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की पेशंटच्या खुर्चीत जाऊन पडल्या.

"फोडा तो!" ही म्हणाली.

"मुळीच नाही!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आजी, तुम्ही माप द्या, मी नवी कवळी करून देते. हा गोळा माझा! आणि सूनबाई, आणखी डझनभर हवेत. कळीचे हं! एवढ्या आज्या मी कुठून आणू?"

सूनबाईनं तिथंच मला मिठी मारली. मी छाती पुढे काढून म्हणालो, "साचा माझा बरं का!"

नवी कवळी आली. पण खरं सांगू? जुनी जरा सैल होती. आमची ही चिडली की निम्मे शब्द वाऱ्यावर जायचे, आणि मी आपला त्या निम्म्यांवर सुखी होतो. नवी अशी घट्ट बसली आहे की आता एक अक्षर वाया जात नाही!