माझ्या बुटांची शर्यत

आपण ट्रायथलॉन करावी, असं मी एका रविवारी दाढी करता करता ठरवलं. पोहणं, सायकल आणि धावणं, यांतलं मला एकही धड येत नव्हतं, त्यामुळे कुठल्याच प्रकारावर अन्याय होणार नव्हता. (बावीस वर्षं रेकॉर्ड विभागात कारकुनी केली की माणूस असाच विचार करतो.)

सायकल लगेच आणली आणि चोरीच्या भीतीने बेडरूममध्ये बायकोच्या कपाटासमोर उभी केली. आठवडाभरात बायकोच्या तीन ओढण्यांना चेनचं वंगण लागलं. मग तिने शांतपणे अट घातली. (ती शांत झाली की मी घाबरतो.) सरावाची एकवीस किलोमीटर धावण्याची शर्यत मी तीन तासांत पुरी केली तर सायकल राहील, नाहीतर ती भाच्याकडे जाईल आणि ट्रायथलॉनचं नाव घरात निघणार नाही.

शर्यतीला मी नवे कोरे बूट घातले. त्यांच्या लेसला आयोजकांनी दिलेली चिप बांधली. ती शर्यतीच्या शेवटी अंथरलेल्या चटईवरून गेली की धावणाऱ्याची वेळ आपोआप नोंदली जाते.

चौदाव्या किलोमीटरपर्यंत दोन्ही टाचा सोलवटल्या. तिथे बायको माझे जुने बूट घेऊन उभी होती. गप्प घरी बसली असती तर सायकल आयतीच गेली असती. पण तिने खाली बसून माझ्या लेस बांधल्या. मला अगदी भरून आलं. नवे बूट पिशवीत टाकून ती बसने पुढे गेली.

मी लंगडत, कण्हत पोचलो तेव्हा घड्याळात दोन तास अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. जीव भांड्यात पडला. पदक मागायला गेलो, तर टेबलावरचा माणूस माझ्या छातीवरचा नंबर बघून म्हणाला, "हा नंबर पाऊण तासापूर्वीच आलाय."

तेवढ्यात पदक घातलेली बायको आली. सावलीतल्या खुर्च्या चटईपलीकडे होत्या, म्हणून ती पिशवी घेऊन चटईवरूनच चालत गेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पदक घातलं. नको म्हणणं तिला बरं दिसेना.

म्हणजे शर्यत माझ्या बुटांनी पुरी केली होती, मी नाही. मी भीतभीत विचारलं, "मग सायकलीचं काय?"

"मी घड्याळ बघत होते," ती म्हणाली. "दोन मिनिटं राखून आलात. राहू दे सायकल."

मी तिथेच रस्त्यावर बसलो आणि सुटकेने चक्क रडलो.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चिपची नोंद झाली की कॅमेरा फोटोही काढतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या पडद्यावर शर्यतीच्या निकालात माझं नाव होतं, दोन तास तेरा मिनिटं ही वेळ होती आणि खाली पिशवी घेऊन हसणारी माझी बायको होती. साहेबांनी चष्मा पुसून फोटो बराच वेळ न्याहाळला.

"व्यायामाने चांगलाच फरक पडलाय हो तुमच्यात," ते म्हणाले. "असेच राहा."