टाल्मो महाराजांचा कौल

सिद्धेशला स्वतःच्या हुशारीवर फार विश्वास. "आई, तू टेन्शनच घेऊ नकोस. पाहुणे येऊन जातील, पण एक बाहुली दिसणार नाही," असं त्याने सकाळीच छातीठोकपणे सांगितलं.

तशा त्या बाहुल्या नव्हत्याच. एका इंग्रजी अंतराळपटातल्या फुटकळ पात्रांच्या मूर्ती होत्या. नायक-नायिका कोणीही जमवतं हो. सिद्धेशकडे होते ते नायकाच्या मागे चहा ओतणारे, दार उघडणारे, पहिल्याच स्फोटात मरणारे. प्रत्येकाचं अख्खं आयुष्य त्याला पाठ. वय एकतीस, पवईत बऱ्यापैकी नोकरी, आणि मुलुंडच्या घरात सोफ्याशेजारी ही वरात! मागच्या स्थळाच्या मावशीने ती पाहिली आणि चहा अर्धा टाकून उठली. म्हणून त्याच्या आईने, सुगंधाताईंनी, या वेळी सक्त ताकीद दिली होती. त्यातून आज येणारी घाटकोपरची जान्हवी सिद्धेशला मनापासून आवडलेली. एकदा कॉफीला भेटले, तेव्हापासून स्वारी हवेत होती. खेळण्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा आईचा हुकूम त्याने तिथेही पाळला होता.

सगळी फौज दिवाणाच्या खणात गेली. राहिला टाल्मो. वीतभर उंची, पांढरी दाढी, पायघोळ अंगरखा, उजवा हात वर. सिनेमात तो एकदाच दिसतो, जाणाऱ्या यानाला हात दाखवतो आणि यान काही थांबत नाही. बस, एवढंच काम. पण लहानपणी खाणीत अडकल्यामुळे टाल्मोला अंधाराची भीती, हे सिद्धेशला ठाऊक. त्याला दिवाणात कोंडायचा धीर होईना. मग काचेच्या पेटीसकट त्याला देवघराशेजारच्या फळीवर, जरा मागे ठेवलं. तिथे कोण बघतंय?

जान्हवीचे वडील नंदकुमार परब मूळचे कुडाळचे. कुणाच्याही घरी गेले की आधी देवघर, मग खुर्ची. देवांना नमस्कार करून ते वळले आणि थबकले.

"हे कुठले महाराज?"

सुगंधाताई पोह्यांवरच्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या पडल्या. "आमचे... गुरू."

"आशीर्वादाचा हात किती प्रसन्न आहे बघा," नंदकुमारांनी पुन्हा हात जोडले. "चरित्र सांगा ना यांचं."

आता सिद्धेशला खोटं बोलता येत नाही, आणि टाल्मोबद्दल तर गप्पही बसता येत नाही. तो सुरूच झाला. लहान वयात घर सुटलं. खाणीच्या अंधारातून बाहेर आले ते मौन धरूनच. वाळवंट पायी तुडवलं. सैन्याच्या भटारखान्यात राबले, स्वतः उपाशी राहून शत्रूच्या जखमींना जेवू घातलं. यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त ग्रह कुठला, ते त्याने सांगितलं नाही. सांगता सांगता त्यानेच खिशातून रुमाल काढला. जान्हवीच्या आईने, अनुपमाताईंनी, पदर डोळ्यांना लावला. जान्हवी खाली मान घालून पोहे चिवडत होती आणि तिचे खांदे हलत होते. हीसुद्धा रडतेय, असं वाटून सिद्धेशला आणखीच भरून आलं.

"एवढे जागृत महाराज घरात असताना आपण ठरवणारे कोण?" नंदकुमार उठले. "कौल लावू. उजवी पाकळी पडली तर लग्न पक्कं. डावी पडली, तर चहा घेऊ आणि निघू."

"आमच्या महाराजांना तसलं चालत नाही हो," असं सुगंधाताई म्हणेपर्यंत पेटी उघडली गेली. टाल्मोच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक ओली पाकळी चिकटवली गेली. नंदकुमारांनी गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या पोरांचा लगीन होवचा आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अनुपमाताई म्हणाल्या. सुगंधाताईही म्हणाल्या, करतात काय!

देवळातला पाषाण निराळा आणि हे गुळगुळीत प्लॅस्टिक निराळं. उजवी पाकळी घट्ट बसली. डावी मात्र हळूहळू सरकायला लागली. टाल्मोच्या पाठीत एक बारीक बटण आहे, ते दाबलं की वरचा हात हलतो, हे सिद्धेशला माहीत होतं. पण मध्ये भावी सासरे हात जोडून उभे. कशाला लपवलं आपण, असं त्याला झालं. मुलगी गेली तर गेली, पण खरं ऐकून तरी जाऊ दे.

"काका, जरा ऐका, हे महाराज म्हणजे..."

"थांबा, मी पाया पडते," जान्हवी म्हणाली. पुढे झाली, वाकली, एक हात महाराजांच्या पाठीशी नेला. खट् झालं. टाल्मोचा हात हलला आणि उजवी पाकळी टपकन खाली.

"हात हलवल्यानी," एवढंच बोलून नंदकुमार मटकन बसले. मग साखर वाटली, दोन्ही आया गळ्यात पडल्या आणि हॉल कुठला घ्यायचा यावर वादही सुरू झाला.

निघताना नंदकुमारांनी दारातून बजावलं, "जावईबापू, येत्या गुरुवारी महाराजांना घेऊन आमच्याकडे यायचं. पाद्यपूजा करू."

ते जिना उतरायला लागले. चप्पल घालायच्या निमित्ताने जान्हवी मागे रेंगाळली.

"तुला बटण कसं माहीत?" सिद्धेशने हळूच विचारलं.

"मलाही आईने दम दिला होता, बाहुल्यांचं नाव काढायचं नाही म्हणून," ती म्हणाली. "गुरुवारी त्यांना नक्की आण हं. महाराजांची टाकलेली बायको माझ्या कपाटात आहे."